नागपूरच्या उन्हात टायर निवडताना

३० मे २०२४ रोजी रामदासपेठेत तापमान ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर पसरली. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या इथल्या शेतावर बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तो आकडा नोंदवला होता. हवामान खात्याने नंतर खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी शहराचे खरे तापमान पंचेचाळीसच्या आसपास होते. नागपूरचा अधिकृत उच्चांक ४७.९ अंशांचा, तो २३ मे २०१३ रोजी नोंदला गेला.

पण हवेचे तापमान सावलीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजतात. त्याच दुपारी जवळच्या डांबरी रस्त्यावर तापमापी टेकवली असती, तर साठच्या वरचा आकडा सहज दिसला असता आणि त्यात सेन्सरची काही चूक नसती. गाडीतले बाकी सगळे भाग हवेत असतात. रस्त्यावर टेकलेले असतात ते फक्त चार टायर, तेही प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेवर.

रामदासपेठ ही दवाखान्यांची आणि क्लासेसची वस्ती. इथल्या इमारतींखाली उभ्या असलेल्या स्विफ्ट, पोलो जीटी, आय-२० एन लाइन अशा छोट्या, चपळ गाड्यांचे रोजचे फिरणे कमी असते. घर, धंतोलीतला दवाखाना, फार तर वर्धा रोड. पाच-सहा वर्षांत तीस हजार किलोमीटरही होत नाहीत. त्यामुळे टायरची नक्षी खोल दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. मग एखाद्या मे महिन्यात मुंबईला जायचे ठरते. गाडी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढते आणि इतकी वर्षे गल्लीत फिरलेला टायर पहिल्यांदाच ताशी १२० किलोमीटर वेगाने, तासन् तास, न थांबता पळू लागतो.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. पहिल्याच उन्हाळ्यात टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. ही तपासणी चांगलीच, पण ती डोळ्यांना दिसते ते पकडते. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की टायर कायद्याने बाद होतो. रामदासपेठेतला कमी चाललेला टायर या परीक्षेत आरामात पास होईल. त्याचा दोष नक्षीत नसून वयात असतो.

रबर म्हातारे होते. टायरच्या रबरातील लांबच लांब रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळेच ते ताणले तरी पूर्ववत होतात. टायरच्या आत दाबाने कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू रबरात झिरपत राहतो आणि हे पूल बदलत जातात. रबर कडक होते, पोलादी तारांच्या पट्ट्यांशी त्याची पकड सैल होते. ही रासायनिक क्रिया आहे, म्हणजे तापमान वाढले की तिचा वेग वाढतो. गाडी उभी असली तरी ती थांबत नाही. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाने टायरच्या वयावर अभ्यास करताना वापरलेले टायर गोळा करण्यासाठी मुद्दाम ॲरिझोनातील फीनिक्स हे वाळवंटी शहर निवडले होते. याच विभागाने २००७ च्या अहवालात एका विमा कंपनीची आकडेवारी दिली आहे. तिचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरबाबतच्या दाव्यांपैकी ७७ टक्के याच राज्यांतून आले होते. त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. विदर्भाचा उन्हाळा ॲरिझोनापेक्षा फार सौम्य नाही.

वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूला, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, ती बाजू आत गेली असेल तर वाकून किंवा गाडी लिफ्टवर घेऊन पाहावे लागते. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी काहीही झाले तरी बदल असे सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवरच थांबतात. नागपुरात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर सहाचा आकडा धरणेच शहाणपणाचे. नवा टायर घेतानाही हे चार आकडे दुकानातच वाचावेत. सहा महिन्यांपूर्वीचा टायर घ्यायला हरकत नाही, पण ‘स्टॉकमधला आहे, सवलतीत देतो’ म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा टायर कोणी पुढे केला तर त्याचे निम्मे आयुष्य गोदामातच सरलेले असू शकते.

जुन्या टायरच्या बाजूला कधी तपकिरी झाक येते. धुणारी मंडळी ती मळ समजून खरवडतात आणि वर चमकीचे पॉलिश लावतात. खरे तर ते टायरचे औषध असते. ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६-पीपीडी नावाचे रसायन मिसळतात आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन स्वतः ओझोनला भिडते. याच रसायनाला एक दुसरी बाजूही आहे. ओझोनशी संयोग झाल्यावर त्यापासून जे द्रव्य तयार होते, ते रस्त्यावरच्या टायरच्या धुळीतून ओढ्यांत जाऊन अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो सॅमन माशांना मारते, हे वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी २०२० च्या अखेरीस दाखवून दिले. टायर झिजतो म्हणजे तो कुठेतरी जातो, हे त्यामुळे जगाच्या नीट लक्षात आले. मऊ रबर, जोरात पळवणे आणि करकचून ब्रेक मारणे यांनी ही धूळ वाढते.

आता हवेकडे. उन्हाळा लागला की शहरात एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘गरमीत हवा फुगते, चार-पाच पॉइंट कमी ठेवा.’ ऐकायला बरोबर वाटणारा हा सल्ला प्रत्यक्षात टायरचा घात करतो. सकाळी २८ अंशांना, गाडी थंड असताना ३३ पीएसआय हवा भरली आणि महामार्गावर टायरमधली हवा ६५ अंशांपर्यंत तापली, तर वायूच्या साध्या नियमाने दाब सुमारे ३९ पर्यंत जातो. टायर ही वाढ धरूनच बनवलेला असतो. पण वाटेतल्या पंपावर तो ३९ चा आकडा पाहून कोणी हवा ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये जेमतेम २८ उरतात.

कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि जास्त वाकतो. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच रबराचे होते. वाकवायला लागलेली सगळी शक्ती ते परत देत नाही, काही भाग उष्णता म्हणून आतच राहतो. म्हणजे हवा कमी केली की टायर थंड होण्याऐवजी अधिक तापतो. फुटणारा टायर बहुतेक वेळा जास्त हवेने फुटत नाही, कमी हवेने तापून त्याचे थर सुटतात. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने लाखो टायर परत बोलावले, तेव्हाही हेच मुद्दे पुढे आले होते. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या टायरची नक्षी वेगात असताना सुटत होती, घटना उष्ण राज्यांत जास्त होत्या आणि फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा दाब वादाचा विषय झाला होता. कारण केवळ दाबच होता असे नाही, टायरच्या रचनेतही दोष होता. पण २७१ मृत्यूंशी जोडल्या गेलेल्या त्या प्रकरणाने ऊन, वेग आणि कमी हवा एकत्र आल्यावर काय होते हे जगाला दाखवले.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो दाब छापलेला असतो, तो थंड टायरचा असतो. तोच ठेवावा, आणि गाडी सामानाने व माणसांनी भरली असेल तर त्याच स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा पाहावा. नायट्रोजनबद्दल विचारणारेही पुष्कळ असतात. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी केंद्रीय मंत्री म्हणून २०१९ मध्ये राज्यसभेत टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा विचार असल्याचे सांगितल्यापासून हा विषय इथे घरोघरी आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच फुगतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि ऑक्सिजन नसल्याने रबराचे वय होणे थोडे मंदावते, एवढा फायदा खरा. महिन्यातून एकदा दाब तपासण्याला तो पर्याय नाही.

मापाच्या बाबतीत मात्र छोट्या चपळ गाडीचे मालक सर्वांत जास्त मोहात पडतात. रुंद टायर आणि मोठी अलॉय चाके लावली की गाडी खाली बसल्यासारखी, ऐटदार दिसते. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ हे माप येते. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, चाक १५ इंचांचे. पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. १६ इंची चाकावर १९५/५५ घेतले तर व्यास ६२०.९, म्हणजे वेगदर्शक काटा जवळजवळ खरा राहतो. २०५/५५ घेतले तर व्यास पावणेदोन टक्के वाढतो आणि काटा त्या प्रमाणात वेग कमी दाखवतो. पण जुळणाऱ्या १९५/५५ मध्येही बाजूची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा दणका झेलायला तेवढी उशी कमी. दणक्याने आतले धागे तुटले की बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

मापाच्या पुढे एक अंक आणि एक अक्षर असते. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, ८७ म्हणजे ५४५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, व्ही म्हणजे २४०. नागपुरात २४० ने कोण जाणार, असे वाटेल. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचेही माप आहे, म्हणून कंपनीने दिलेल्या अंकाखाली किंवा अक्षराखाली उतरू नये. वरच्या उदाहरणात ८८ जाऊन ८७ येते, ते दुकानात सहसा कोणी सांगत नाही. याच मापात ९१ भारांकाचे, जादा मजबुतीचे टायरही बनतात. अनेक टायरवर टेम्परेचर या शब्दापुढे ए, बी किंवा सी असते. इथे ए पाहावा. शर्यतीच्या धाटणीचे अगदी मऊ टायर कोपऱ्यावर चिकटून चालतात खरे, पण मे महिन्यात ते झपाट्याने झिजतात. रोज दवाखान्यात आणि महिन्यातून एकदा महामार्गावर जाणाऱ्या गाडीला व्ही अक्षराचा, टूरिंग प्रकारातला टायर जास्त मानवतो.

मग पाऊस येतो. जूनच्या मध्यानंतर याच टायरला पाणी कापायचे असते. नासातील वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांसाठी मांडलेले सूत्र मोटारीलाही अंदाजापुरते चालते: साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल, हे त्यातल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरते. ३३ पीएसआयला तो वेग ताशी साधारण ९६ किलोमीटर निघतो, २५ ला ८३. नक्षी झिजली असेल तर पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. टायर जास्त रुंद असेल तर पाणीही जास्त हटवावे लागते. म्हणून १.६ मिलिमीटरची वाट न पाहता, तीन मिलिमीटर उरली की पावसाळ्यापूर्वी टायर बदललेले बरे.

ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंगचा विरोध आणि आवाज यांची किमान पातळी ठरवणारे नियम भारतात २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. टायरवर दिसणारे बीईईचे तारे मात्र इंधन बचतीचे असतात. पाच तारे म्हणजे ब्रेक उत्तम, असा अर्थ होत नाही.

खर्चामुळे दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. काही दुकानांत सवयीने नवे टायर पुढे चढवतात, तेव्हा गाडी सोडतानाच सांगून ठेवावे.

नवे चार टायर बसले, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झाले, व्हॉल्व्हही नवे टाकून घेतले की डिक्की उघडून स्टेपनीवरचे चार आकडे वाचावेत. ती बहुतेक वेळा गाडीबरोबर आलेली, एकदाही न लावलेली आणि नक्षीने कोरी करकरीत असते. नागपूरचे तेवढेच उन्हाळे तिनेही बंद डिक्कीत काढलेले असतात.