गोफणगुंड्यावरचं नाव
(लेखमाला : ग्रीक नगरराज्यांच्या शोधात – भाग ११ : ऑलिंथस)

गोफणगुंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वारीच्या रानातला माळा येतो आणि त्यावर उभं राहून पाखरं हाकणारा राखण्या. त्याला शेतातला गोटा पुरतो. ऑलिंथसच्या उत्खननात सापडलेले गोफणगुंडे मात्र शिशाचे आहेत. बदामाच्या घडणीचे, दोन्ही टोकांना निमुळते, मुठीत तीन-चार सहज मावतील एवढे. साच्यातच अक्षरं उलटी कोरून ठेवायची आणि त्यात शिसं ओतायचं, म्हणजे प्रत्येक गुंडा नाव घेऊनच बाहेर पडायचा. बऱ्याच गुंड्यांवर ‘फिलिप्पो’ असं आहे, म्हणजे ‘फिलिपचा’. काहींवर त्याच्या सरदारांची नावं. एकावरच्या अक्षरांचा अर्थ ‘ओंगळ आहेर’ असा लावतात. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाची ही थट्टा. ज्याच्या कपाळावर तो बसला, त्याला ती वाचायला सवड मिळाली नसणार.

हा फिलिप म्हणजे मॅसिडोनियाचा दुसरा फिलिप, सिकंदराचा बाप.

ऑलिंथस उत्तर ग्रीसमध्ये, खाल्किदिकी नावाच्या तीन बोटांच्या द्वीपकल्पावर, समुद्रापासून थोडंसं आत. दोन सपाट टेकड्या, दक्षिणेची आणि उत्तरेची. इ.स.पू. ४७९मध्ये इराणी सेनापती आर्ताबाझोस इथे आला आणि त्याने जुन्या रहिवाशांची कत्तल करून गाव खाल्किदिकीच्या ग्रीकांच्या हवाली केलं, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. पण गावाचं नगर झालं ते ४३२मध्ये. अथेन्सशी बिनसलेल्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावांना मॅसिडोनियाचा राजा पेर्दिकास याने पटवलं, की समुद्रकाठची घरं मोडा आणि आत ऑलिंथसला एकत्र राहायला जा. लोक खरोखरच गेले. अख्खी गावं एका भिंतीआड आली आणि उत्तर टेकडीवर एका दमात नवी वसाहत आखली गेली.

पुढे हे नगर खाल्किदिकीच्या संघाचं डोकं झालं. संघाची चांदीची नाणी फार देखणी आहेत, एका बाजूला अपोलो आणि दुसऱ्या बाजूला त्याची वीणा. गेल्या आठवड्यात आपण ज्या स्पार्टाची ओळख करून घेतली, त्या स्पार्टाला हा संघ खुपू लागला. ३८२ ते ३७९ अशी लढाई चालली. तीत स्पार्टाचा सेनापती तेलेउतियास पडला, राजा आगेसिपोलिस तापाने गेला. शेवटी उपासमारीने ऑलिंथस नमलं. तरी नगर मोडलं नाही.

फिलिपने आधी मैत्री केली. ३५६मध्ये शेजारचं पोटिडिआ जिंकून ते ऑलिंथसला बक्षीस देऊन टाकलं. सात वर्षांनी तोच फौज घेऊन दारात उभा राहिला. अथेन्समध्ये डेमॉस्थेनिस हा वक्ता ऑलिंथसला मदत पाठवा म्हणून घसा फोडून सांगत होता. ती तीन भाषणं आजही वाचली जातात, मदत मात्र तोकडी आणि उशिरा निघाली. ३४८मध्ये नगर पडलं. एउथिक्रातिस आणि लास्थेनिस या नगरातल्याच दोघा पुढाऱ्यांनी पैसे खाऊन ते विकलं, असं प्राचीन लेखक लिहितात. फंदफितुरीची गोष्ट आपल्याला नवी नाही, म्हणून ती चटकन पटते. पण घराघरांत आणि रस्त्यांत सापडलेले गुंडे आणि बाणांची टोकं पाहिली, तर नगर नुसतं दार उघडून दिल्यासारखं पडलेलं वाटत नाही. फितुरी झाली असेल, पण मारामारीही जोरात झाली.

मग लूट झाली आणि माणसं गुलाम म्हणून विकली गेली. विजयाच्या उत्सवात फिलिप कलावंतांना बक्षिसं वाटत होता. सातिरोस नावाचा विनोदी नट काहीच मागेना. विचारल्यावर म्हणाला, माझ्या एका मेलेल्या मित्राच्या मुली ऑलिंथसमध्ये तुझ्या हाती लागल्यात, त्या मला दे. मी त्यांना हुंडा देऊन त्यांची लग्नं लावून देईन. फिलिपने दिल्या. ही गोष्ट डेमॉस्थेनिसने भर न्यायालयात सांगितली. तिथे ती प्रतिस्पर्ध्याला खिजवायला वापरली आहे खरी, पण हजारोंच्या विक्रीतून त्या मुलींची सुटका एका नटाच्या शब्दावर झाली, एवढं त्यातून कळतं.

एका घावात संपलं म्हणूनच हे नगर पुरातत्त्वाला इतकं हवंहवंसं आहे. अथेन्सवर अथेन्सच चढत गेलं. प्राचीन घर शोधायचं तर आजच्या इमारतींखाली. ऑलिंथसच्या उत्तर टेकडीवर पुन्हा कुणी नगर उभारलंच नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९२८, १९३१, १९३४ आणि १९३८ असे चार हंगाम खणून शंभराहून जास्त घरं मोकळी केली. ग्रीक माणूस घरात कसा राहायचा, याबद्दल पुस्तकांत जे असतं त्यातलं बरंचसं इथून आलेलं आहे.

आखणी पाहिली तर आजचा नगररचनाकारही मान डोलावेल. काटकोनात छेदणारे रस्ते आणि त्यांच्यामधे लांबट गाळे. एका गाळ्यात दहा घरं, पाच-पाचच्या दोन ओळी, मधून पाणी वाहून जायला चिंचोळी बोळ. घर साधारण सतरा मीटर लांब आणि तितकंच रुंद. दगडी पायावर कच्च्या विटांच्या भिंती, वर कौलं. मधे अंगण आणि अंगणाच्या उत्तरेला दक्षिणेकडे तोंड केलेली लांब ओसरी. हिवाळ्यातलं कलतं ऊन थेट आत येतं, उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन छपरावरच अडतं. घर असंच असावं, असं झेनोफनच्या लिखाणातला सॉक्रेटिसही सांगतो.

पाहुण्यांच्या बैठकीची खोली लगेच ओळखू येते. भिंतीच्या कडेने बसका ओटा, त्यावर पुरुषांनी लोडाला टेकून मद्य घ्यायचं. एका घरात तिची जमीन काळ्या-पांढऱ्या गोट्यांची आहे आणि तीत पंख असलेल्या घोड्यावरचा बेलेरोफोन, ग्रीक पुराणकथांतला वीर, राक्षसाला भाल्याने भोसकतोय. पूर्वेकडच्या वस्तीतल्या एका मोठ्या घराच्या जमिनीत गोट्यांनीच ‘सौभाग्य सुंदर’ अशी अक्षरं जडवली आहेत. नाणी पुरून ठेवलेली मडकीही सापडली. पुरणारा परत यायच्या भरवशावर होता.

खाण्याचं दळण ज्यावर व्हायचं ते यंत्र तर जगभर ‘ऑलिंथस जातं’ म्हणूनच ओळखलं जातं, जरी ते इतरत्रही वापरात होतं. ते आपल्या जात्यासारखं गरगर फिरत नाही. खालचा दगड सपाट, वरच्या चौकोनी दगडाला कोरलेला खळगा आणि खळग्याच्या तळाला फट. खळग्यात धान्य ओतायचं, आडव्या दांड्याला धरून वरचा दगड डावी-उजवीकडे ओढायचा, पीठ कडेने सांडतं. दर फेऱ्याला मूठ मूठ घास घालायची कटकट नाही.

आता खरी गंमत, किंवा खरं दुखणं. रॉबिन्सन यांनी १९२९ ते १९५२ या काळात चौदा खंड छापले, पण मांडणी दुकानातल्या फळ्यांसारखी : मूर्ती एका खंडात, भांडी दुसऱ्यात, नाणी तिसऱ्यात. कुठली वस्तू कुठल्या खोलीत कशाशेजारी होती, हे वाचकाला खंड चाळत जुळवत बसावं लागतं. पुढे पुरातत्त्वज्ञ निकोलस केहिल यांनी खोदकामाच्या मूळ वह्या तपासून वस्तू पुन्हा आपापल्या खोल्यांत नेऊन ठेवल्या. त्यांचं पुस्तक २००२मध्ये आलं. तेव्हा घरं बोलायला लागली. ताण्याचे धागे खाली ओढून धरायला मागाला बांधायची मातीची वजनं पाहा. धागा कुजतो, लाकूड जळतं, वजनं राहतात. ती बहुतेक उजेडाच्या जागी मिळतात, ओसरीत नाहीतर अंगणाकडे उघडणाऱ्या खोलीत. काही घरांत ती घरच्या कापडाला लागतील त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे विकायला विणत असणार. आणि प्राचीन लेखक ज्या ‘बायकांच्या वेगळ्या दालना’बद्दल लिहितात, ते मात्र बोट ठेवून दाखवता येत नाही. पुरुषांची खोली एक, बाकी सगळं घर बायकांच्या वावराचं, असंच चित्र उभं राहतं.

घरांची काही खरेदीखतंही दगडावर कोरलेली मिळाली : विकणारा कोण, घेणारा कोण, किंमत किती द्राख्मा. विणणारीचं नाव अर्थातच कुठे नाही.

मेरी रॉस ही कॅनडाची विद्यार्थिनी १९३१च्या हंगामात ऑलिंथसला होती. तिथल्या मातीच्या मूर्तींवर तिने एम.ए.चा प्रबंध लिहिला, पुढे पीएच.डी.चाही. लग्नानंतर ती मेरी रॉस एलिंगसन झाली आणि अमेरिकेतल्या इव्हान्सव्हिलच्या विद्यापीठात शिकवू लागली. त्याच विद्यापीठातल्या ॲलन कायसर या पुरातत्त्वज्ञाच्या हाती तिचा ऑलिंथसच्या फोटोंचा अल्बम पडला. त्या ओढीने त्यांनी तिचे प्रबंध काढून रॉबिन्सन यांच्या खंडांशेजारी ठेवले, तर मजकूर तोच. एम.ए.चं लेखन १९३३च्या सातव्या खंडात, पीएच.डी.चं १९५२च्या चौदाव्यात. कायसर यांनी २०१४मध्ये ते सगळं पुस्तकरूपाने मांडलं. ग्रंथालयांच्या यादीत सातव्या आणि चौदाव्या खंडापुढे लेखक म्हणून अजूनही डेव्हिड रॉबिन्सन हेच नाव आहे.

(पुढच्या आठवड्यात : स्टॅगिरा, ॲरिस्टॉटलचं गाव. तेही फिलिपनेच मोडलं.)