न शिवतां ताप कसा कळतो?

१८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला. तेथें प्रकाश दिसेना, तरी उष्णता चढली! तेच अवरक्त किरण. प्रत्येक पदार्थ ते सोडीत असतो. जितका तापेल तितके अधिक. न शिवतां ताप मोजणारें यंत्र ते भिंगानें गोळा करून, त्यांपासून उपजणाऱ्या सूक्ष्म विद्युद्दाबावरून अंश सांगतें. म्हणून भट्टींतील रसरसलेलें लोखंडही दुरून मोजतां येतें.

२०२० सालीं, करोनाच्या साथींत, हें यंत्र कपाळासमोर येतांच कित्येक बिचकले. पण तें किरण घेतें. डोक्यांत सोडीत नाहीं. मात्र त्याला कळतो तो केवळ पृष्ठभाग. गार वाऱ्यांतून आलेल्याचें कपाळ थंड, अन् ताप आंत लपलेला! म्हणून घाम पुसून, घटकाभर घरांत बसवून मग मोजावें. शंका राहिल्यास साधा तापमापक जिभेखालीं धरावा.