जुना संगणक, मे महिना आणि धानाचा चुकारा

गेमिंग संगणक जुना झाला हे त्याच्या वयावरून ठरत नाही; नव्या खेळात चित्र अडखळू लागते, पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत पोचतो आणि खेळ सुरू होईपर्यंत चहा होऊन जातो, तेव्हा घरात तो जुना म्हणून जाहीर होतो. त्यानंतर मिळणारे सल्ले दोनच असतात: भाग बदलून टाका, किंवा थांबा, किमती उतरतील. दोन्ही सल्ले बहुधा कॅबिनेट, म्हणजे संगणकाचा पत्र्याचा पेटारा, न उघडताच दिलेले असतात. भंडारा जिल्ह्यातील लाखनी हे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील, चहूकडे धानाच्या बांध्या असलेले गाव. तेथे पेटारा न उघडता दिलेला सल्ला हमखास चुकण्याची कारणे हवेतच आहेत.

नमुन्यादाखल २०१७ च्या सुमारास सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे ‘असेंबल’ केलेला, एक संगणक घेता येईल: इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. बाजूचा पत्रा काढल्यावर प्रोसेसरवरचा पंखा स्वच्छ दिसतो आणि पाहणारा फसतो, कारण खरी धूळ पंख्यावर नसून पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर असते. महामार्गाची माती, धानाच्या कोंड्याचा भुगा आणि उन्हाळ्यात चालणाऱ्या वाळ्याच्या कूलरची ओल एकत्र येऊन तेथे राखाडी नमद्यासारखा थर बसतो, जो फुंकरीने उडत नाही. चार स्क्रू काढून पंखा बाजूला केला की तो थर बोटाच्या चिमटीत अखंड निघतो. पात्यांच्या तळाशी, प्रोसेसर आणि धातू यांच्यामधील उष्णतावाहक पेस्ट सुकून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावणे आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवणे (तो वाऱ्याने भलत्या वेगात फिरला तर बिघडू शकतो) एवढे काम अर्ध्या तासाचे आहे, पण तेच सहसा टाळले जाते.

या कामाचे महत्त्व साध्या हिशेबातून कळते. पंखा आणि धातू मिळून प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेला देतात, त्यामुळे प्रोसेसर खोलीहून थंड होऊ शकत नाही. खोलीचे तापमान अधिक कामामुळे होणारी वाढ असेच त्याचे तापमान मोजावे लागते. ही वाढ ५५ अंश धरली, तर डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत तो ७५ अंशांवर राहील आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ९७ वर जाईल, आणि या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. मर्यादा जवळ आली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो; ग्राफिक्स कार्ड तर ८३ अंशांच्या आसपासच हात आखडता घेऊ लागते. विदर्भात उन्हाळ्यात ‘जुना’ ठरलेला संगणक पुष्कळदा केवळ तापलेला असतो.

सफाईनंतरही चित्र अडखळत असेल, तर कोणता भाग इतरांना ताटकळत ठेवतो हे शोधावे लागते. चित्र गुळगुळीत दिसण्यासाठी सेकंदाला ६० चौकटी लागतात, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसर प्रसंगाची मांडणी करतो आणि ग्राफिक्स कार्ड तो रंगवते. त्यावर एक बिनखर्चाची चाचणी आहे. चित्राचा आकार १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणला की रंगवायचे बिंदू सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात. चौकटी लगेच वाढल्या तर अडचण कार्डाची असते. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड रिकामे बसलेले असते आणि धाप प्रोसेसरला लागलेली असते. रॅमची एकच पट्टी असेल तर माहितीच्या दोन मार्गांपैकी एकच वापरात असतो, म्हणून तशीच दुसरी पट्टी जोडल्याचा गुण प्रोसेसरलाही येतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की खेळ लवकर उघडतो, मात्र चौकटी फारशा वाढत नाहीत. विकत घेणाऱ्याची निराशा नेमकी याच ठिकाणी होते.

कार्ड बदलणे त्या मानाने सुटसुटीत असते. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट वीज लागते आणि २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, त्यामुळे विजेचा पुरवठा करणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, चांगल्या प्रतीचा आणि धडधाकट असल्यास तोच चालतो. प्रोसेसर मात्र एकटा येत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर बसण्याची जागा सातव्या पिढीसारखीच दिसते, तरी जुन्या मदरबोर्डवर तो चालत नाही. नवा बोर्ड घ्यावा लागतो आणि त्याच्यामागोमाग पुष्कळदा नवी रॅमही. २०१७ च्याच सुमारास एएमडीचा एएम ४ पद्धतीचा बोर्ड घेतलेला शेजारी मात्र सुदैवी ठरला, कारण त्यातील अनेक बोर्डांवर पुढे रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसरही केवळ बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ आज्ञावली, बदलून चालू लागले. २०१७ मध्ये दुकानात हे कोणी सांगू शकले नसते.

उरतो थांबण्याचा सल्ला. संगणकाचे भाग काळाबरोबर स्वस्त होतात, हा दीर्घ अनुभवाचा नियम होता आणि अलीकडे तो दोनदा मोडला. २०२० ते २०२२ या काळात टंचाई आणि आभासी चलनाचे खनन यांमुळे ग्राफिक्स कार्डे दुर्मिळ झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे खनन संपवले, तेव्हा रात्रंदिवस राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमच्या किमती भडकल्या आणि डिसेंबरात मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा बाजारात रॅमची जुनी पट्टी वाजवी भावात दिसली तर ती घेऊन ठेवणे आणि मोठ्या खरेदीसाठी थांबणे, ही विभागणी अधिक शहाणपणाची वाटते.

थांबण्यालाही काठ आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा खेळ रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढण्याची, सोय कार्डातच असल्याशिवाय चालत नाही. जीटीएक्स १०६० वर तो संथ चालण्याचा प्रश्नच नाही, तो उघडतच नाही. एकाच आवडीच्या जुन्या खेळात रमणाऱ्याला हा काठ कधी लागणारही नाही.

लाखनीत या निर्णयाला आणखी एक पंचांग आहे. ज्या घराची मोठी खरेदी खरिपाच्या धानाच्या चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या धानाच्या रकमेवर, अवलंबून असते, तेथे पैसा हिवाळ्याच्या आसपास हाती येतो, आणि नेमके तेव्हा खोली थंड असल्यामुळे संगणक मुकाट्याने चालतो व तक्रार विसरली जाते. मे महिन्यात तो पुन्हा धापा टाकू लागतो, तोवर बियाणे आणि खताची यादी पुढ्यात आलेली असते. मग बाजूचा पत्रा काढून टेबल फॅनचे तोंड उघड्या पेटाऱ्याकडे वळवले जाते, आणि त्याच वाऱ्यासोबत धानाचा भुगा पुन्हा पात्यांवर बसू लागतो.