उद्योगपति राहुल बजाज व त्यांचें राज्यसभा-सदस्यत्व

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या आमच्यासारख्यांस कारखानदाराचें चरित्र हा विषय परका वाटतो. परंतु बिबवेवाडींतील एका घरीं पोथ्या पाहावयास गेलों असतां रुमालांतून बजाज स्कूटरच्या नोंदणीची एक जीर्ण पावती निघाली. घरची मंडळी ती टाकून देणार होती. आम्हीं ती राखून ठेवविली. त्या निमित्तानें राहुल बजाज यांची हकीकत येथें संक्षेपानें देतों.

यांचा जन्म १० जून १९३८ रोजीं कलकत्त्यास झाला. आजोबा जमनालाल हे महात्मा गांधींचे निकटवर्ती व काँग्रेसचे खजिनदार. वडील कमलनयन हे १९५७ पासून वर्ध्याचे लोकसभा-सदस्य. म्हणजे व्यापार व राजकारण हीं दोन्हीं या घराण्यांत पूर्वींपासूनच होतीं. दिल्लीस अर्थशास्त्र, मुंबईस कायदा व अमेरिकेंत हार्वर्ड येथें व्यवस्थापन शिकून ते परतले आणि १९६८ सालीं बजाज ऑटोचीं सूत्रें त्यांचे हातीं आलीं. इटलींतील पियाज्जो कंपनीशीं झालेल्या कराराची मुदत संपल्यावर, १९७२ सालीं ‘चेतक’ स्कूटर निघाली; नांव राणा प्रतापाच्या अश्वाचें. किती वाहनें काढावयाचीं हें त्या काळीं सरकारी परवान्यानें ठरे. मागणी उदंड व उत्पादनास मर्यादा, म्हणून नोंदणी करून कित्येकांस दहा-दहा वर्षें वाट पाहावी लागे. आमच्या पावतीचा अर्थ हा असा आहे.

आतां सदस्यत्वाविषयीं. राज्यसभेची मुदत सहा वर्षांची, तेव्हां बजाज सहा वर्षें सदस्य होते असा समज होणें साहजिक आहे. पण तो बरोबर नव्हे. प्रमोद महाजन ३ मे २००६ रोजीं निवर्तले व त्यांची जागा रिकामी झाली. जूनमध्यें पोटनिवडणूक होऊन बजाज महाराष्ट्रांतून अपक्ष म्हणून निवडून आले. विरोधी बाकांवरील भाजप व शिवसेना आणि सत्तेंतील राष्ट्रवादी काँग्रेस अशा दोहों बाजूंचा त्यांस पाठिंबा मिळाला, हें विशेष. पोटनिवडणुकीनें आलेल्यास पूर्वीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते. ती जुलै २०१० मध्यें संपली. सारांश, हें सदस्यत्व सुमारें चार वर्षांचें होय.

पद गेल्यावरही त्यांचें स्पष्ट बोलणें राहिलें. सरकारवर टीका करावयास उद्योजक भितात, हें त्यांनीं ३० नोव्हेंबर २०१९ रोजीं मुंबईच्या एका समारंभांत केंद्रीय गृहमंत्र्यांसमक्ष सांगितलें. १२ फेब्रुवारी २०२२ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

सभागृहांतील नोंदी सरकार जपतें. घरोघरच्या पावत्या कोण जपणार? मोडी कागद रद्दींत गेले तेव्हां आपण हळहळलों. तोच प्रसंग आतां या कागदांवर आला आहे. संग्राहकांनीं पोथीबरोबर आलेली पावतीही ठेवून घ्यावी, इतकीच विनंति. इत्यलम्.