लाखोळीची डाळ आणि मज्जापेशींतला जाळ

नवरात्रात ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन मंडळी खाण्याच्या गाड्यांकडे वळली, की एक सूचना हमखास कानावर येते: ‘अजिनोमोटो नका घालू हं!’ अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचं मीठ. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकल्या टोमॅटोतही ते असतं. जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात, मेंदूपर्यंत ते फारसं पोचत नाही.

मेंदू स्वतःचं ग्लुटामेट स्वतः बनवतो. एका पेशीने ते सोडायचं, दुसरीने निरोप घ्यायचा आणि शेजारच्या पेशींनी क्षणात ते उचलून जागा मोकळी करायची. ही झाडलोट थांबली, तर निरोप घेणारी पेशी उत्तेजित होत राहते आणि तिच्यात कॅल्शियम घुसत जातं. पेशीतली ऊर्जाकेंद्रं बिघडतात, ऑक्सिजनचे विध्वंसक कण मोकाट सुटतात. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू ऑक्सिजन मात्र वीस टक्के वापरतो, त्यामुळे हा जाळ तिथे लवकर भडकतो.

महाराष्ट्रात हा जाळ पाहायचा तर भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात जावं लागतं. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फोकतात. पाऊस दगा देतो तेव्हाही ती तग धरते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरते. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली, तर पाय ताठरतात, चालताना गुडघे एकमेकांत अडकतात. बुद्धी शाबूत राहते, पण गेलेली चाल परत येत नाही. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात.

डाळीतला दोषी पदार्थ, ओडीएपी, १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आडिगा आणि सरमा यांनी ओळखला. तो ग्लुटामेटचा तोतया आहे: त्याच्याच कुलपात बसतो आणि पेशीला सतत चेतवत राहतो.

पेशीकडे या जाळावर पाणी असतं, ग्लुटाथायोन. ते तीन अमिनो आम्लांचं बनतं: सिस्टीन, ग्लायसीन आणि तिसरं चक्क ग्लुटामेट! पेशीबाहेर ग्लुटामेट साचलं, की सिस्टीनची आवक अडते आणि ग्लुटाथायोन आटतं. लाखोळीत सिस्टीन, मेथिओनीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं मुळातच कमी. म्हणजे ज्याच्या ताटात दुसरं काही नाही, त्याच्याकडे विषही जास्त आणि उताराही कमी. इथे डाळीइतकाच दोष गरिबीचा आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

१९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं लढले आणि महाराष्ट्राने पुढे ती उठवली. आता ‘रतन’, ‘प्रतीक’ असे कमी ओडीएपीचे वाणही आहेत. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी ओतून दिलं, तर बराचसा ओडीएपी त्याबरोबर जातो. राहिलेल्या डाळीचे विदर्भात वडे होतात, अधूनमधून, भाताच्या आणि इतर डाळींच्या संगतीने.