पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपण पोरांना ऐकवत आलोय. अमेरिकेत कॉलेजप्रवेशाची ‘अर्ली डिसिजन’ पद्धत याच भीतीवर चालते. नोव्हेंबरात एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, डिसेंबरात निकाल. ‘हो’ आलं की बाकीचे अर्ज मागे. दुसऱ्या कॉलेजनं जास्त शिष्यवृत्ती दिली असती का, हे मग कळतच नाही.

अशी घाई कुठवर जाते? १९४०च्या दशकात तिथली हॉस्पिटलं शिकाऊ डॉक्टरांना पदवीच्या दोन-दोन वर्षं आधीच अडकवून ठेवू लागली होती. पोरगा पुढे कसा डॉक्टर निघेल, कुणाला ठाऊक!

आपल्याकडे २०१५पासून आयआयटी आणि एनआयटीच्या जागा ‘जोसा’ एकत्र वाटते. बेतवाकाठच्या एरचमधला मुलगा असो की चंद्रपूरची मुलगी, पर्यायांची यादी दोघांनीही तशीच भरायची. जागा मिळाली की ‘फ्रीझ’ करा, नाहीतर ‘फ्लोट’. फ्लोट म्हणजे हातचं धरून पळत्याच्या पाठी लागणं! हे जमतं कसं?

घटकाभर कोटे विसरू या. नागपूरला एक जागा, सुरतला एक. अमेयचा पहिला पर्याय नागपूर. नागपूर त्याचं नाव लिहितं, पण पेन्सिलीनं. स्नेहाला हवंय सुरत, तिथे मात्र तिच्याहून वरच्या रँकची रश्मी बसलीय. स्नेहा परत फिरते आणि दुसऱ्या पर्यायावर, म्हणजे नागपूरच्या दारात येते. अमेय आधी आला, त्यानं नागपूर पहिलं लिहिलं. पण नागपूर रँक सोडून काहीच बघत नाही, आणि स्नेहाची रँक वरची. अमेयचं नाव खोडलं जातं, तो आपल्या यादीतल्या पुढच्या ओळीकडे जातो. सगळी धावपळ थांबली की मगच शाई.

म्हणजे सुरत वर लिहिल्यानं स्नेहाचं नागपूर गेलं नाही. ‘मिळण्यासारखंच वर टाक’ हा शेजारच्या काकांचा सल्ला इथे निव्वळ फुकट (काकांचा जीव तुटतो, हे खरं).

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी ही रीत १९६२ साली जेमतेम सात पानांत मांडली. लेखाच्या नावात कॉलेजप्रवेशाच्या जोडीला चक्क लग्नही होतं! शॅप्लींना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गेल तोवर हयात नव्हते. गंमत पुढेच आहे. त्या घाईला कंटाळलेल्या अमेरिकी डॉक्टरांनी १९५२मध्येच जवळजवळ हीच रीत सुरू केली होती. आल्विन रॉथ यांनी ते १९८४मध्ये दाखवून दिलं, आणि २०१२चं नोबेल शॅप्लींबरोबर त्यांनाही मिळालं.

फ्लोट केलं तरी हातची जागा फुकट राखून मिळत नाही बरं. जागा-स्वीकृतीची फी आणि कागदपत्रं मुदतीत गेली नाहीत, तर पेन्सिलीनं लिहिलेलं तेवढं नावही पुसलं जातं.