तीन मायक्रॉनची फट

विलेपार्ले पूर्वेला हल्ली ट्रॅक्टर दिसतो तो नांगरटीसाठी नव्हे, फोडाफोडीसाठी. मागे नांगराऐवजी कॉम्प्रेसर, त्यातून निघालेले जाड रबरी पाइप आणि पाइपाच्या टोकाला जुना पाया फोडणारा ब्रेकर. हनुमान रोडच्या आसपासच्या गल्ल्यांतल्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्यात. अशाच एका पत्र्याआडच्या ट्रॅक्टरचा काळा धूर समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचला, तेव्हा रहिवासी खाली उतरले. ठेकेदाराने उत्तर तयारच ठेवलं होतं : "जुनं इंजिन आहे, धूर येणारच."

हे उत्तर पार्ल्यात इतक्या वेळा ऐकू येतं की ते एकदा तपासून पाहायला हवं होतं. तपासायची जागा इंजिनाच्या कुशीला बसवलेली असते. हातात मावणारा एक बिडाचा-अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, वरून निघालेल्या तीन पोलादी नळ्या. त्याला इंजेक्शन पंप म्हणतात, मेस्त्रीलोक नुसतं 'पंप'.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने तो पंप उतरवून गोणपाटात गुंडाळला आणि रिक्षाने हायवेजवळच्या एका पंप-मेस्त्रींच्या गाळ्यात आणला. ड्रायव्हर बीडकडचा; ऊसतोडीच्या हंगामात हाच ट्रॅक्टर गावाकडे ट्रॉली ओढायचा. गाळ्यात शिरताच वास येतो तो नुसत्या डिझेलचा नसतो. पंप तपासायला वापरतात त्या कॅलिब्रेशन तेलाचा, गोडसर, जरा उग्र. घरी गेल्यावरही तो कपड्यांतून जात नाही.

मेस्त्रींनी गोणपाट सोडलं आणि पहिली गोष्ट केली ती ओरडण्याची. नळ्यांच्या उघड्या तोंडांत ड्रायव्हरने चिंध्या कोंबल्या होत्या.

"चिंधी कशाला रे? तिचा धागा आत गेला की संपलं. प्लास्टिकची टोपी नव्हती तर प्लास्टिकची पिशवी बांधायचीस."

"मला काय म्हाईत, मेस्त्री. कचरा जाऊ नये म्हणूनच लावल्या की."

एवढ्याशा धाग्याची भीती का, हे पंप उघडल्यावर कळतं. आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक 'एलिमेंट' असतं : बोटाएवढा पोलादी दट्ट्या आणि तो ज्यात सरकतो ती बाही. दोघांमधली फट दोन ते चार मायक्रॉन. मेस्त्री सरळ "तीन मायक्रॉन" म्हणतात, आणि दर पाच मिनिटांनी म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणून ही जोडी कारखान्यात एकत्र घासून बनवलेली असते; एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या बाहीत घालायचा नाही. या फटीला वेगळं सीलही नसतं. पोलादाला पोलाद इतकं जवळ बसलेलं, की शेकडो बारच्या दाबालाही डिझेल बाजूने फारसं निसटू शकत नाही. तिथे वंगणही त्या डिझेलचंच. त्यात पाणी असलं किंवा रॉकेलची भेसळ असली, तर पहिला मार इथेच बसतो.

दट्ट्या धुऊन, तेलात बुडवून मेस्त्री तो बाहीत घालतात, एक तृतीयांश बाहेर ओढतात आणि सोडून देतात. चांगला असेल तर तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली उतरतो. पहिला तसा उतरला. दुसराही. तिसरा खटकन खाली गेला. उजेडात धरल्यावर त्याच्या तिरक्या कडेजवळ मळकट ओरखड्यांचा पट्टा दिसला. "सिमेंट," मेस्त्री म्हणाले. "तीन मायक्रॉन, आणि हे लोक भिंत पाडताना टाकी उघडी ठेवून डिझेल ओततात."

ती तिरकी कड म्हणजे या यंत्राचं खरं डोकं. दट्ट्या दर वेळी तेवढाच वर जातो. पण तो स्वतःभोवती जरासा फिरवला की ती कड छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि डिझेल कमी-जास्त जातं. जर्मनीत बॉशने असे पंप १९२७ साली कारखान्यात घाऊक बनवायला घेतले. त्याआधी, १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलने यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात इंधन फवारायला दाबलेली हवा लागायची, म्हणजे इंजिनाच्या जोडीला कॉम्प्रेसर आलाच. पंपाने इंजिनाला त्या कॉम्प्रेसरमधून सोडवलं. पार्ल्यातल्या या ट्रॅक्टरच्या पाठीवर तो पुन्हा चढून बसलाय, वेगळ्या कामासाठी.

बॉशचीच कंपनी भारतात १९५१ साली 'मोटर इंडस्ट्रीज' या नावाने सुरू झाली. तिचा 'मायको' हा शिक्का या पंपाच्या अंगावर आहे, आणि नाशिककरांना तो मायको सर्कलमुळे वेगळा सांगावा लागत नाही. ट्रॅक्टर तर आणखी जवळचा, महिंद्राचा. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा कांदिवलीचा कारखाना पार्ल्याहून लोकलने काही स्टेशनं पुढे.

नवं एलिमेंट बसवायच्या आधी मेस्त्रींनी जुनाच पंप टेस्ट बेंचवर चढवला. विजेची मोटर पंप फिरवते, तिन्ही नळ्यांतलं तेल समोरच्या काचेच्या मापांत पडतं. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक नळीतून मिनिटाला ७५० वेळा फवारा, आणि दर फवाऱ्यात जेमतेम थेंबभर इंधन. बेंच थांबला. पहिली दोन मापं भरून आली होती, तिसरं बोटभर खाली.

इथे धुराचा उलगडा झाला. एक सिलिंडर उपाशी राहू लागला तसा ब्रेकरचा जोर कमी पडला. मग कुणीतरी पंपाचं शिशाचं सील तोडून जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू फिरवला. उपाशी सिलिंडर उपाशीच राहिला. धडधाकट दोघांना मात्र जाळता येईल त्याहून जास्त डिझेल मिळू लागलं. न जळालेलं ते डिझेल काजळी होऊन समोरच्या गॅलरीत गेलं.

ड्रायव्हरला हे पटलं असं दिसलं नाही. "मेस्त्री, थोडं डिझेल वाढवूनच द्या की. शेठ म्हणतो जोर पायजे."

"वाढवून देतो. धूर तुझा शेठ पिणार का?"

उरलेलं काम सरावाचं. नवी जोडी, नव्या वॉशरा, तिन्ही मापं एका रेषेत येईपर्यंत दट्ट्यांची बाही बारीक फिरवत राहणं. मेस्त्रींनी वेळ घालवला तो गव्हर्नरवर. शेतात इंजिनावरचा भार हळूहळू बदलतो. कॉम्प्रेसरचा भार टाकी भरली की एकदम सुटतो, पुन्हा एकदम पडतो. गव्हर्नरच्या वजनांच्या पिना झिजल्या असतील तर इंजिन आपोआप रेस वर-खाली करत बसतं. त्या पिना बदलल्या. शेवटी स्क्रू मूळ जागी आला आणि नवं सील लागलं.

संध्याकाळी पंप खुणेला खूण जुळवून बसला, हवा काढली गेली, टायमिंग पाहिलं गेलं. सुरू करताना एक काळा लोट आला आणि विरला. ब्रेकर लागल्यावर धुराड्यातून फिकट करडी रेघ तेवढी निघत होती. इंजिन तेच, जुनंच. ठेकेदाराचं उत्तर, सरळ सांगायचं तर, खोटं होतं.

पार्लेकर पुनर्विकासाच्या करारात कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडं यांवर महिनोन्‌महिने घासाघीस करतात. त्याच करारात आणखी तीन ओळी घालून घ्याव्यात : साइटवरच्या प्रत्येक डिझेल यंत्राच्या पंपाचं कॅलिब्रेशन काम सुरू होण्याआधी झालेलं असावं, सील शाबूत असावं, आणि फिल्टरखालचं पाणी रोज सकाळी काढलं जावं.